खड्ड्यावरची पांढरी गाडी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना चेष्टा करायची असेल त्यांनी इथूनच मागं फिरावं, मला राग नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामाला थापा मारायची सवय नाही.

सोनबामामाचं गॅरेज बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. पत्र्याचं शेड आणि मधोमध सिमेंटचा खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि मामानं खाली उतरून काम करायचं. गेल्या वर्षीचा जानेवारी. कारखाने जोरात चालू होते, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. दिवस मावळत आला होता.

मामा एकटाच होता.

श्रावणात म्हाळसामामी काविळीनं गेली, तेव्हापासून एकटाच.

आता एक सांगायला हवं. स्टेअरिंग ढिलं झालं की दोष शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर सीटवर बसून चाक थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं. दुसऱ्यानं खालून एकेक सांधा हातात धरून बघायचा... वर हललं की खाली लगेच हललं पाहिजे. जिथं उशीर होतो, तिथं दोष. मामाच्या हाताखाली माणूस टिकत नसे, म्हणून वरचं काम मामीचं. भात शिजत टाकून यायची, पदर खोचून बसायची. पण धीर म्हणून नाही बाईला! गदागदा हलवायची. खालून मामा ओरडायचा, "अगं हळू! जातं हाय का ते?" मग ती मुद्दाम आणखी एक हिसका द्यायची आणि खिदळायची. दोष सापडला की मामा म्हणायचा, "बास, उतर." की ती पळाली भाताकडं.

त्या संध्याकाळी खड्ड्यावर छकुलीची गाडी होती. छकुली म्हणजे मामाची एकुलती एक लेक. इंदापूरला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती, दुसऱ्या दिवशी पहिली ड्युटी. तिच्यासाठी मामानं ही जुनी पांढरी गाडी घेतलेली. बाकी गाडी झकास, फक्त स्टेअरिंगला ढील. सरळ रस्त्यालासुद्धा डुलायची. मामानं पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे नवे टाकले, अलाइनमेंट करून आणली. तरी ढील तशीच. आणि सकाळी पोरगी हीच गाडी घेऊन उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करत जाणार! मामाच्या जिवाला घोर लागला होता.

छकुली ड्युटीचे बूट आणायला बारामतीला गेलेली. मामा खड्ड्यात उतरला, टॉर्च लावला, सांध्यावर हात ठेवला. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"हलव गं."

म्हटलं आणि मामालाच गलबलून आलं. वर होतं कोण हलवायला?

तेवढ्यात... गाडी जराशी खाली दबली.

कुणी सीटवर बसलं की दबते, तेवढीच.

हातातला सांधा हलला. डावीकडं... उजवीकडं...

"आलीस व्हय?" मामाला वाटलं, छकुलीच. "बरं झालं. हलव, हलव."

हलणं चालूच राहिलं.

मग खिशातला फोन वाजला.

"आबा, मी अजून बारामतीतच हाय, भिगवण चौकात. एसटी न्हाय मिळाली. रिक्षा बघते, तुमी जेवून घ्या."

डोक्यावर चाक हलतच होतं.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. रस्त्यावरच्या ट्रॉल्यांचा आवाजसुद्धा ऐकू येईना. नुसतं टक... टक... आणि मग एकदम जोर वाढला. गदागदा, गदागदा.

मामाला रडू फुटलं. रडत रडतच तो म्हणाला, "अगं हळू... जातं हाय का ते?"

हलणं थांबलं.

आणि मग... एक जोराचा हिसका बसला. मुद्दाम दिलेला.

मामा म्हणतो, भीती तिथंच गेली. पण वर जाऊन बघावं आणि सीट रिकामी असली तर? म्हणून तो वर आलाच नाही.

त्या हिसक्याला वरच्या अंगाला खट्ट झालं होतं. मामानं टॉर्च फिरवला. स्टेअरिंगचा दांडा जिथं खाली जोडलेला असतो, तिथला बोल्ट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. आज ना उद्या निघालाच असता. भर रस्त्यात पोरीच्या हातात चाक नुसतं गरगर फिरलं असतं.

मामानं नवा बोल्ट घातला, जीव लावून आवळला.

"हलव."

वर हललं, खाली हललं. ढील गेली. काम झालं होतं.

"अजून जरा हलव," मामा म्हणाला. "छकुलीला नोकरी लागली बघ. तू असतीस तर गावभर पेढं वाटलं असतंस... माझं काय, माझं चाललंय. भात तेवढा करपतो." प्रत्येक बोलण्यावर चाक हळूच हलत होतं. हो म्हटल्यासारखं.

बाहेर रिक्षा थांबली. "आबा!" छकुलीची हाक आली. मामा दचकला. आणि मेली ती सवय... तोंडातून निघून गेलं.

"बास, उतर."

दबलेली गाडी जराशी वर उचलली गेली.

मामा धडपडत वर आला. दारं बंद. सीट रिकामी. चाक ओढून बघितलं, तर ते हलेना. लॉक झालेलं. किल्ली मामाच्याच खिशात होती, आणि किल्ली काढल्यावर ते चाक फिरत नाही, हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून मामा लहान पोरासारखा रडला. "मीच उतर म्हणालो गं... मीच घालवली तिला."

छकुली त्याच गाडीनं रोज इंदापूरला जाते. सुखरूप परत येते.

मागच्या महिन्यात माझ्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं, म्हणून मी मामाकडं गेलो. सीटवर बसायला लागलो, तर मामा म्हणाला, "तू भाईर थांब." किल्ली माझ्या हातात. मामा खड्ड्यात उतरला.

"हलव गं."

मी काचेतून बघत होतो. रिकामी सीट. चाक जागच्या जागी. वाटलं, आपणच दार उघडावं आणि बसावं.

तेवढ्यात खालून आवाज आला...

"हां... अगं हळू."

चाक हललं नव्हतं. शपथेवर सांगतो, तसूभरही हललं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मामा वर आला. दोष सापडला होता, कामही झालं होतं. हात पुसत म्हणाला, "ने गाडी."

"बास, उतर" मात्र तो म्हणाला नव्हता. आता कुठल्याच गाडीखाली म्हणत नाही.

मी किल्ली घेऊन दारापाशी तसाच उभा राहिलो. अंधार पडत होता, घरी जायचं होतं...

पण मामीला उतर म्हणायचं कुणी?