बिनभोकाचा बिल्ला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांब्याचा पैसा बाजारातून गायब झाला, तेव्हा केनवडच्या जवरीलाल किराणावाल्याने सुट्ट्याऐवजी स्वतःच्या नावाचे पत्र्याचे बिल्ले काढले. गिऱ्हाइकाने बिल्ला परत आणला की तो पैशाचा गूळ द्यायचा आणि बिल्ल्याला दाभणाने भोक पाडायचा. मग तो बिल्ला बाद.

चौऱ्याहत्तर साली माझ्या संग्रहात असे सोळा बिल्ले होते. सगळे भोकाचे. पदमचंदकडे एकच, पण बिनभोकाचा! रिसोडला आमची दुकानं समोरासमोर. माझं कापडाचं, त्याचं भांड्यांचं. तो बिल्ला बघायला लोक यायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला सांगू?

शेवटी केनवडला जाऊन जवरीलालच्या विधवेला, पानाबाईंना गाठलं.

"एक गिऱ्हाईक गूळ न घेताच बिल्ला ठेवून गेलं, तो एकच बिनभोकाचा राह्यला होता, तो पदमचंदले देल्ला," त्या म्हणाल्या. "त्याचा गूळ द्याचा राह्यला म्हनून मरतानी बी दाभन उशाशी घेऊन होते आमचे हे. तुमाले कायले पाह्यजे?"

मी रिसोडची परतीची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदमचंदच्या दुकानात जाऊन बसलो. तो माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला आणि मी बिल्ला उचलला. बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवला. कापड मोजताना हात सारखा तिथेच जात होता. इतकं सुख मला लग्नातही वाटलं नव्हतं.

दुपारी पदमचंद समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागदाचं पुडकं होतं.

"खेमचंदभाऊ, एक म्हातारा आल्ता. हा गूळ देल्ला. म्हने, तुमचा माल."

"बिल्ला मांगतला काय?"

"मी म्हनलं, सकाळपासून सापडून नाही राह्यला. तर म्हने, मले ठावं हाये कुठी हाये. तिकडं जाऊन भोक पाडतो." पदमचंद घुटमळला. "हातात दाभन होतं त्याच्या."

गुळाचा वास ताजा होता. खरं तर भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. मेलेला जवरीलालसुद्धा त्याच्याकडेच गेला!

पदमचंद गेल्यावर मी बिल्ला काढला.

भोक होतं. कडा चकचकीत.

बंडी उलटून पाहिली. कापड धड होतं.

छातीवर, नेमक्या त्या जागी, दाभणाच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. रक्त नाही, दुखणं नाही.

बायको, राजमती, म्हणते तीळ असेल.

पण पंखा लावला की तिथून आत गार वारा लागतो.