जरा हळू बोला, कावेरी

“लेकरू सांभाळायला बाई पायजे, ते घर हेच का?”

कावेरीनं विचारलं साधंच, पण आष्टीच्या त्या अख्ख्या गल्लीनं माना वळवल्या. समोर दोर-कासऱ्यांचं दुकान होतं. तिथं घुंगुरमाळा टांगत असलेला एक सावळा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस स्टुलावरून उतरला.

“हेच. वरच्या मजल्यावर,” तो म्हणाला. “पण जरा हळू बोला. बाळ आत्ताच झोपलंय.”

वरून रडण्याचा सूर आला.

“झोपलं होतं,” तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, असल्या भेटीत कुणी कुणाच्या प्रेमात पडतं का? दुकानवाला राजेश्वर पडला म्हणे. निदान तो तरी अजून तसंच सांगतो.

कावेरी काही जन्मापासून अशी बोलत नव्हती. पूर्वी ती नगरला एका डॉक्टरीणबाईंची जुळी सांभाळायची, तेव्हा त्या घरात तिच्या पावलांचासुद्धा आवाज होत नसे. मग वडील अंथरुणाला खिळले, त्यांचे कानही गेले, आणि ती शिरूरला परत आली. सात वर्षं नुसतं ओरडून बोलायचं – आबा, पाणी घ्या. आबा, कूस बदला. उन्हाळ्यात आबा गेले, आवाज मात्र तसाच चढा राहिला. भावजय वाईट नव्हती, पण हल्ली वाढताना तिचा हात आखडायचा. कावेरीला हक्काचं काम हवं होतं. आणि खरं सांगायचं तर... मांडीवर पुन्हा एक लेकरू हवं होतं.

“मधी लई वर्षं खंड पडलाय तुमचा,” बाळाची आई, शिवकन्याताई, म्हणाल्या. “ऱ्हावा इथंच. सोमवारी माझी रजा संपते. तवर छकुली रमली तर ठीक. न्हाई तर मला दुसरी बाई बघावी लागंल.”

छकुली रमेना. तेल लावताना खुदखुदायची, पायांवर घेऊन न्हाऊ घातलं की सुखानं डोळे मिटायची. हात काहीच विसरले नव्हते. पण कावेरीनं अंगाई धरली रे धरली की पोर दचकून टाहो फोडायची. आपल्यातली माया आटली की काय, असं कावेरीला वाटायचं.

शनिवारी छकुलीच्या झोळीचा दोर कुरकुरायला लागला, म्हणून ताईंनी राजेश्वरला वर बोलावलं. तो मऊ सुती दोर घेऊन आला. गाठ मारता मारता म्हणाला, “एक सांगू? रागवणार न्हाई ना?”

“ते ऐकल्यावर ठरवीन.”

“तुमची अंगाई मला पाठ झालीय. दुकानात बसून.”

कावेरीचे कान तापले. “म्हणजे... एवढ्या मोठ्यानं म्हणते मी?”

“गिऱ्हाईक विचारतंय, रेडिओ कुठं लावलाय.” मग तो हसायचा थांबला. “आमची आजी बहिरी होती. तिच्यापायी आमी सगळेच असं बोलायचो. तुमच्या घरी कोण होतं?”

“आबा,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. “मला वाटलं, माझी मायाच आटली.”

“माया हाय तिथंच हाय. आवाज तेवढा खाली घ्या.”

त्या दुपारी कावेरीनं छकुलीच्या कानाशी ओठ नेऊन अंगाई नुसती पुटपुटली. आधी जमेना, आवाज आपोआप चढायचा. छकुली तिच्याकडे टक लावून बघत राहिली, मग तिचं बोट धरून झोपून गेली. सोमवारी शिवकन्याताई कचेरीत गेल्या, त्या निर्धास्त.

चार दिवसांनी जिन्यात राजेश्वर भेटला. “आता दुकानात काहीच ऐकू येत न्हाई,” तो म्हणाला.

“मग वर यायचं.”

“कावून? दोर तर नवा हाय.”

“दोर तुमच्याच दुकानातला. कुरकुरायला कितीक दिवस लागतात?” कावेरी म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

त्या थंडीत तो दोर फारच कुरकुरला.

संक्रांतीच्या आधीच्या बाजारदिवशी ती छकुलीला खांद्यावर निजवून दारात उभी होती. राजेश्वर गल्ली ओलांडून आला. “कावेरी... माझ्या घरी याल? कायमचं?”

तिचा चेहरा उतरला. “हे काम मला लई दिवसांनी मिळालंय. पुन्हा घरी बसणार न्हाई मी.”

“बसा म्हणलं का मी? सकाळी गल्ली ओलांडायची, सांजच्याला परत यायचं. आता मी आलो तेवढंच अंतर हाय.”

कावेरीनं त्याच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. तिचे ओठ जरासे हलले.

“ऐकू न्हाई आलं,” तो म्हणाला.

“हो म्हणलं.”

“बाजाराचा लई कालवा हाय हो...”

तेव्हा कावेरीनं छाती भरून श्वास घेतला आणि आबांसाठी लावायची तो आवाज लावला. “हो म्हणतेय मी, राजेश्वर!”

नावासकट. अख्ख्या गल्लीनं माना वळवल्या. छकुलीनं खांद्यावरूनच एक डोळा उघडला, कोण ओरडतंय ते बघितलं, आपली कावेरीच आहे म्हणून पुन्हा मिटला आणि झोपली.