मागच्या सीटवरचा

फोन इकडे आण. गाडी बघू दे... हं. तीच कंपनी. जमिनीला चिकटून पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या करता करता त्यांनी ही एक उंच, घरच्या माणसांना मावणारी काढली. देखणी आहे, नाही म्हणत नाही. एका दिवसासाठी भाड्याने घ्यायची, मिरवायचं, संध्याकाळी किल्ली परत द्यायची, असाच बेत ना तुम्हा तिघांचा? घ्या. तुमचं वय आहे, मी कोण अडवणार. फक्त पैसे भरायच्या आधी दाभण्याचं काय झालं ते ऐका. आणि गॅलरीतला दिवा राहू दे, मालवू नकोस.

दाभण्या म्हणजे माझ्या गॅरेजशेजारचा, गाड्यांच्या सीटा शिवणारा. तीस वर्षं आमची भिंतीला भिंत. अंगाने लांबडा, बोलणं टोचरं, म्हणून दाभण्या. हात असा तयार की डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांगायचा, हे खरं चामडं, हे रेक्झिन, ही शिवण उसवून पुन्हा घातलेली.

त्याला एक थोरला भाऊ. एकोणीस वर्षं परदेशात. आई अंथरुणाला खिळली, गेली, सगळं दाभण्याने आणि त्याच्या बायकोने केलं. भाऊ फोनवर. प्रत्येक फोनला त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला, "अजून सीटाच शिवतोस का रे?" हसत विचारायचा. माणूस वाईट नव्हता. पण एकोणीस वर्षं एकाच जागी काटा टोचला की जागा पिकते.

तर तो भाऊ येणार होता. सतरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्री अकरा पन्नासचं विमान. घरापासून विमानतळ पासष्ट किलोमीटर. मी माझी जुनी गाडी देऊ केली होती. दाभण्या म्हणाला, "नको. ह्या वेळी त्याला दाखवतो."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारातच होत्या. म्हणाल्या, "आणि उद्या गाडी परत गेली की काय दाखवाल?"

"उद्याचं उद्या."

गाड्या भाड्याने देणारं ते दुकान काचेचं होतं. आत झगमगाट, मालकाच्या हातात पांढरे हातमोजे. तुमच्या फोनवरच्यासारखी ही गाडी मात्र झगमगाटात नव्हती. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून एकटी उभी होती. मालक म्हणाला, "आज रात्रीपुरती हवी ना? ही अर्ध्या भाड्यात देतो." दाभण्याच्या नजरेला दोन गोष्टी खटकल्या. गाडी बाहेर काढताना मालकाने सीटवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर जेमतेम टेकला, पाठ लावलीच नाही. आणि आत सुगंधाच्या पाच डब्या ठेवलेल्या. पाच.

"गिऱ्हाइकांना वास आवडतो," मालक म्हणाला.

दाभण्याला सगळं दिसत होतं. पण माणसाला जे हवं असतं ना, त्यापुढे तो आपले डोळे खिशात घालतो.

नऊ चाळीसला तो निघाला. पहिला अर्धा तास, म्हणाला, स्वर्ग. पाय नुसता ठेवला की गाडी अशी झेपावायची की पोट मागेच राहायचं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना माळ. मग त्या सुगंधाखालून दुसरा वास वर यायला लागला. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की कसं होतं, तसा. त्याच्याखाली औषधाचा. आणि सगळ्यात खाली माणसाचा. न धुतलेल्या केसांचा, कळकट उशीचा.

त्याने एसी वाढवला. जाळीतून गार वारा यायला हवा. आला तो कोमट, दमट. कुणी तोंडाजवळ तोंड आणून जांभई द्यावी तसा.

दहा वीसला घंटी वाजायला लागली. समोरच्या पडद्यावर चित्र आलं, मागच्या सीटवरच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही. पलीकडच्या दाराजवळची सीट. आता ह्यात भुताचं काही नाही. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, ती ओल धरली की उगाच ओरडते. दाभण्याने अशा पन्नास बदलल्या असतील. त्याने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, आणि पट्टी तपासायला तळवा सीटवर दाबला.

चामडं गार असतं रे, नोव्हेंबरच्या रात्री. हे अंगासारखं कोमट होतं. फोम दाबला गेला, आणि शिवणीतून काहीतरी वर आलं. हात ओला झाला. पाणी नव्हे. चिकट, थिजलेल्या चरबीसारखं, त्यात बारीक कोंडा. त्याने हात गवताला पुसला, रुमालाला पुसला, रुमाल फेकून दिला. बोटं एकमेकांना चिकटतच राहिली.

मग सगळे करतात तेच त्याने केलं. रिकाम्या सीटवर पट्टा लावून टाकला. घंटी थांबली. निघाला.

पाच मिनिटांनी त्याने आरशात पाहिलं.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटला चिकटून असतो. हा वीतभर पुढे होता. ताणलेला. गोल. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा. आणि सावकाश... वर. खाली. वर. खाली.

"मग गाडी सोडून का नाही दिली त्यांनी?" काय विचारतोस? तूही सोडली नसतीस. विमान उतरायला सव्वा तास उरलेला, खिशात दुसऱ्याची किल्ली, आणि मनात एकोणीस वर्षांचा प्रश्न. त्याने आरसा खाली वळवला आणि खिडक्या उघडून तसाच गेला.

भाऊ बाहेर आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, अंगात पांढरा शर्ट. दोघांनी मिठी मारली. मग भावाला गाडी दिसली, आणि तो ढकलगाडीसकट थांबला.

"ही तुझी?"

दाभण्या म्हणाला, "हो."

भावाने बॉनेटवरून हात फिरवला. डोळ्यांत खरं कौतुक होतं, दाभण्या सांगतो, हेवा नव्हता. "लेका, मला कधी बोलला नाहीस. आज मी साहेबासारखा मागे बसतो. तू चालव."

आणि त्याने तेच दार उघडलं.

"पुढे बस ना," दाभण्या म्हणाला.

"का?"

एक वाक्य पुरलं असतं. गाडी भाड्याची आहे, ती सीट खराब आहे, चल टॅक्सी करू. एवढंच. दाभण्या वाकला. पट्टा आता सीटला सपाट चिकटलेला होता. त्याने तो सोडवला. मालकाचं वर्तमानपत्र दाबून सीट कोरडी केली. म्हणाला, "काही नाही. बस."

हे मला सांगताना त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "गॅरेजवाले, त्या ओल्या सीटची किळस धुऊन जाईल. त्या 'बस'ची जात नाही."

बारा पस्तीसला ते परत निघाले. भाऊ बोलत होता. घरचं, आईचं, तिकडचं. आई गेली तेव्हा तिकीट काढून परत केलं होतं, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाला, "वास कसला रे? नवीन चामड्याचा?"

"हो."

थोड्या वेळाने खूश होऊन म्हणाला, "अरे वा, ही सीट पाठ चेपते की."

दाभण्याने समोर पाहिलं. अशा गाड्यांच्या सीटमध्ये हवेच्या पिशव्या असतात, त्या फुगून पाठ चेपतात. पडद्यावर ते बटण बंद होतं.

त्याने गाडीचा वेग वाढवला.

"मस्त चेपतेय. अगदी बोटांनी चेपल्यासारखी." मग जरा थांबून, "नखं लागतायत रे..."

दाभण्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"कमी कर जरा."

"बंद आहे."

"काय?"

"बंदच आहे रे दादा."

टायरांचा आवाज. मग भावाचा आवाज आला, पण खालून. सीटच्या आतून यावा तसा.

"मी... खाली जातोय."

दाभण्याने ब्रेक मारला. उतरला. मागचं दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. उघडलं.

आतला दिवा लागला.

भाऊ सीटमध्ये रुतला होता. खांद्यांपर्यंत. चामडं त्याच्या दंडांवर चढलं होतं. मऊ. ओलं. सुरकुतलेलं. पट्टा गळ्याशी. आणि चामडं हलत होतं. दात नसलेलं तोंड घास घोळवतं, तसं.

दाभण्याचा हात खिशात गेला.

शिवणकाम करणाऱ्याच्या खिशात उसवणी असते, बारीक पात्याची. दाभण्याने पट्टा कापला. मग सीटची शिवण धरली. जन्मभर जे शिवलं ते उसवलं. सर्रकन. आतून कोमट ओल हातावर. कोपरापर्यंत. त्यात गुंतलेलं काहीतरी. दोऱ्यासारखं. बोटांत अडकणारं. त्याने बघितलं नाही. भावाच्या काखेत हात घातले. ओढलं.

जुनं मलम लावलेली पट्टी जखमेवरून निघते... तसा आवाज.

सुटला.

दोघं रस्त्यावर पडले. मागे सीट हळूहळू वर आली. फुगली. आणि तिच्यातून एक श्वास निघाला. लांब. कंटाळलेला.

गाडी तशीच टाकून, दार उघडं ठेवून ते चालत सुटले. दीड किलोमीटरवर पेट्रोल पंप होता. भावाने नळाखाली डोकं धरलं, दोनदा ओकला, शर्ट काढून पंपावर मिळालेल्या पिशवीत कोंबला आणि दाभण्याचं जॅकेट घातलं. मग बाकावर बसून त्याने विचारलं, "गाडी तुझी नाही ना?"

"नाही."

"आणि मी बसायच्या आधी... तुला ठाऊक होतं?"

दाभण्या खोटं बोलू शकला असता. एक खोटं त्या रात्री आधीच बोलला होता. म्हणाला, "ठाऊक होतं. तू एकदा तरी मला मोठं म्हणावंस, म्हणून बसवलं."

भावाने उठून ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाला, "तो प्रश्न मी मुद्दाम विचारायचो. आईचं सगळं तू केलंस. तुझ्यात कुठेतरी उणं दाखवल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

मग दोघं सकाळपर्यंत एकाच बाकावर बसले.

दाभण्याने फोन केल्यावर सात वाजता काचेच्या दुकानाचा मालक दुसऱ्या गाडीने आला. कापलेला पट्टा बघितला, उसवलेली सीट बघितली. नुकसानभरपाईचा शब्द काढला नाही. चेहरासुद्धा हलला नाही. एवढंच विचारलं, "मागे किती वेळ बसले होते?"

"अर्धा तास."

"हं," म्हणाला, जसं काही टायरमधली हवा किती ते विचारलं होतं. हातमोजे चढवले, सीटवर प्लास्टिक टाकलं आणि खिशातून सुगंधाची सहावी डबी काढली. मी आयुष्यात चोर पाहिलेत, दारुडे पाहिलेत. पण त्या सहाव्या डबीइतकी शिसारी मला कशाचीच आली नाही. शनिवारी ती गाडी पुन्हा रस्त्यावर होती, एक नवरा-नवरी बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

दाभण्याने पुढे चौकशी केली. ती सीट आधी शिवणारा कारागीर त्याला भेटला. तो म्हणाला, "तीनदा बदलली. तिन्ही वेळा आतला फोम ओला निघाला. चौथ्यांदा मी हात जोडले." कुणी म्हणतं, एका मुलाने महिनाभरासाठी ती गाडी घेतली होती आणि आपल्या म्हाताऱ्या बापाला मागे बसवून पार्टीला गेला, तिथून दुसऱ्या गाडीने परस्पर गावाला. गाडी चार दिवस पार्किंगच्या तळघरात बंद होती, बाप आतच. खरं काय, देव जाणे. सांगणारा मला खात्रीचा वाटला नाही, म्हणून मी छातीठोकपणे म्हणत नाही.

भाऊ आठ दिवस राहिला. चांगला राहिला. दुकानात बसून सीटांना टाकेसुद्धा घातले. परत गेला, आता दर रविवारी फोन करतो, आणि तो प्रश्न विचारत नाही.

त्याचा तो पांढरा शर्ट मात्र इथेच राहिला. वहिनींनी दोनदा धुतला, वाळवला, घडी करून ठेवला. पंधरा दिवसांनी घडी उघडली तर पाठीच्या बाजूला दोरे निघालेले. पांढरे, बारीक, बोटाच्या पेराएवढे. त्यांनी कात्रीने कापले. महिन्याने पुन्हा तेवढेच. दाभण्याला दोरा कळतो. त्याने एक काडीवर धरून जाळला. सुताचा वास आला नाही. केस जळल्याचा आला.

मी म्हटलं, "जाळून टाक शर्ट." तो म्हणाला, "कुणाचे आहेत ठाऊक नाही हो. माणसाचे आहेत, एवढं नक्की. मी कापतो आपला महिन्याच्या महिन्याला."

गेल्या रविवारी त्याचा हात दुखत होता, म्हणून कात्री त्याने माझ्या हातात दिली. मी कापत होतो. मूठभर झाले असतील. शेवटी एका जागी पातं मुळाशी जरा जोरात लागलं...

आणि शर्ट दुखल्यासारखा आखडला.