सोळापैकी सोळा

"तो गेम आजच पुसून टाक. मशीन मला ऑफिसच्या कामाला हवंय," चहाचा कप हातात घेऊन दारातूनच दादा म्हणाला.

मधल्या बहिणीने मान वर केली नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ही आखूड केसांची बाई एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण धाकट्या भावाचा विषय निघाला की ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. धाकटा जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या हातचं म्हणावं असं एकच मागे उरलं होतं, या गेममध्ये विटेवर वीट रचून त्याने उभं केलेलं गाव. पण पठ्ठ्याने गेमला इतके मॉड, म्हणजे वरून लावायचे जादा भाग, जोडून ठेवले होते, की तो उघडताच मेमरी कमी पडून बंद व्हायचा. ते गाव एकदा डोळे भरून बघायचं आणि पुसू तर मुळीच द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

मशीनची मेमरी सोळा जीबी, त्यातली गेमला दिलेली चार. तिने सेटिंगमधली पट्टी सरकवून सहा केली. या वेळी गेम तगला. एक गल्ली दिसली, पुढे धुकं. मेमरी तोकडी असली की लांबचं दिसत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. बंद करून तिने आठ केली. धुकं मागे हटलं. गल्लीच्या टोकाला अर्धवट बांधकाम होतं.

तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावून आणखी मेमरी देऊ का, असं विचारलं.

"ताई, अंथरूण पाहून पाय पसरा," तो म्हणाला. "सगळी गेमला दिलीत तर मशीनला काय उरणार? गुदमरेल बिचारं."

तिने बारा केली.

आता बांधकामापाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. डोक्यावर लाल टोपी, धाकटा घालायचा तशीच. टक्. एक वीट बसली. टक्. दुसरी.

"हा एकट्याने खेळायचा गेम ना?" दादाचा आवाज उतरला.

"हो."

"मग नेटवरून कुणी..."

"नेटची वायर तूच काढलीस सकाळी."

ती जवळ गेली. बांधकाम म्हणजे एकच खोली होती. खिडकीशी टेबल, त्यावर मशीन, समोर खुर्चीत आखूड केसांची बाई. दारात कप धरलेला माणूस.

दादाने कप खाली ठेवला आणि प्लगकडे झेप घेतली. मधली आडवी झाली.

"हात लावून तर बघ! त्याचे कपडे दिलेस, सायकल दिलीस, मी गप्प बसले. हे नाही देणार."

"अगं, ते काय आहे ते तरी कळतंय का तुला?"

"काय असेल ते असो. आपलं आहे."

ती परत बसली आणि पट्टी पार टोकाला नेली. सोळापैकी सोळा.

धुकं उरलंच नाही. मग चित्र गोठलं. माउस हलेना. मशीनचा पंखा घरघरून थांबला.

लाल टोपी तेवढी हलत होती. टक्. टक्. खोलीच्या दाराची जागा विटांनी भरत आली होती.

मधलीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त आनंद झाला. "कर पुरं," ती म्हणाली.

"आणतोच त्या दुरुस्तीवाल्याला," दादा तरातरा दाराकडे निघाला.

पावलं थांबली.

"अगं," तो हळूच म्हणाला, "दार..."

तिने वळून पाहिलं. तो भिंतीवर तळहात फिरवत होता. हाताला ओला गिलावा लागला होता.