पाचवा आकडा

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं.

वेळ इतकी नेमकी सांगते म्हणून हसू नका. माझं सारं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलं. कानाला यंत्र आणि डोळ्यांसमोर घड्याळ. किती वाजता कुणाचा कॉल जोडला, ते लिहून ठेवायची सवय हाडात मुरली आहे. आणि आवाज ओळखण्यात माझी कधी चूक झाली नाही.

म्हणूनच सांगते. तो आवाज माझ्या भावाचाच होता.

या वयात खोटं सांगून मला काय मिळणार आहे? जे झालं ते असं.

आम्ही पाच जण दर रविवारी सायकलनं लांब जायचो. सगळ्यांत पुढे मिस्त्री. त्याचं सायकलचं दुकान होतं. त्याच्यामागे पोस्टमन. तो म्हणायचा, "सहा दिवस सरकारसाठी पेडल मारतो, एक दिवस स्वतःसाठी." तिसरे गणिताचे मास्तर. चौथी मी. आणि माझ्यामागे माझा धाकटा भाऊ.

तो चोवीस वर्षांचा, मी एकतीस. लहानपणी न्यूमोनिया झाल्यापासून त्याची छाती अधू होती. चढ आला की मागे पडायचा. म्हणून मंडळींनी त्याचं नाव ठेवलं होतं 'शेपूट'.

तो हसायचा. पण मला माहीत होतं, त्याला ते लागायचं.

आमची एक रीत होती. रस्त्यावर एकामागे एक चालायचं, आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी आकडे द्यायचे. मिस्त्री ओरडायचा "एक!" मग पोस्टमन "दोन!" मास्तर "तीन!" मी "चार!" आणि शेवटी मागून यायचा…

"पाच!"

पाच ऐकू आला की मिस्त्रीला कळायचं, सगळे आहेत. मागे वळून बघायची गरज नाही.

मागे वळून बघायला तर तो बंदीच घालायचा. "नजर जिथं, चाक तिथं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. उतारावर मान मागे वळवली की हँडलही वळतं. माणूस थेट दरीत.

आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे मिस्त्रीच्या दुकानात जमलो होतो. छताला टांगलेल्या रिमा, ग्रीसचा वास, पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवलेली ट्यूब. मिस्त्री माझ्या ब्रेकचे रबर बदलत होता. मास्तर नेहमीप्रमाणे वाद घालत होते.

"टायर जितका कडक, तितकी सायकल हलकी पळते. साधं गणित आहे."

"मास्तर, तुमचं गणित फळ्यावर ठीक," मिस्त्री म्हणाला. "ओल्या उतारावर टायर दगडासारखा कडक ठेवलात, तर दगडासारखेच घरंगळाल."

"मी कधी घरंगळलो?"

"तुमच्या वजनाला रस्ताच घाबरतो हो!" पोस्टमन म्हणाला. सगळे हसले.

भाऊ हसला नाही. तो मास्तरांना हळूच विचारत होता, "खरंच हलकी पळते? चढावरसुद्धा?"

"करून बघ की," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीनं भावाचं मागचं चाक उचलून फिरवलं. त्याचं फ्रीव्हील जुनं होतं, आतला एक दाता झिजलेला. पेडल थांबवलं की ते लंगडत वाजायचं.

टक-टक… टक. टक-टक… टक.

"हे लंगडं घड्याळ बदलून देतो तुला," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे," भाऊ म्हणाला. "ताईला मी मागे आहे हे त्यावरनंच कळतं."

घरी जाताना मी त्याला म्हटलं, "उद्या दम लागला तर हाक मार. लाजू नको. आम्ही थांबू."

तो एकदम चिडला.

"थांबू नका! दर वेळी सगळे माझ्यासाठी पाय टेकून उभे राहता. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझा आकडा ऐकू येतोय ना? मग चालत राहायचं. कबूल कर."

मी कबूल केलं.

रविवारी घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा सात वाजले होते. उजाडलं होतं, पण धुकं असं दाट की स्वतःचं पुढचं चाक अंधूक दिसावं. रस्ता ओला होता.

त्या दिवशी भाऊ चढावर मागे पडला नव्हता. माझ्या पाठोपाठ वर आला. धापा टाकत होता, पण चेहरा उजळला होता.

"बघितलंस ताई? मास्तरांचं गणित बरोबर आहे. सकाळी पंपानं भरपूर हवा मारली."

मिस्त्रीनं ते ऐकलं नाही. तो पुढे होता.

मी ऐकलं. आणि काही बोलले नाही. इतक्या दिवसांनी तो खूश होता…

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही उतार धरला. घाटाला दहा वळणं.

पहिलं वळण. एक, दोन, तीन, चार… पाच.

मागे टक-टक… टक. टक-टक… टक.

दुसरं वळण. एक, दोन, तीन, चार… पाच.

तिसऱ्या वळणावर खडी पसरलेली होती. रस्त्याचं काम चाललं होतं. पुढून मिस्त्रीचा आवाज आला, "खडी! सांभाळून!" मी ब्रेक हळू दाबत वळण काढलं. मागचं चाक जरासं सरकलं, सावरलं.

"चार!" मी ओरडले.

मागून काहीच नाही.

एक श्वास… दोन श्वास…

"पाच!"

हुश्श झालं. वळण अवघड होतं, वेळ लागला असेल.

पण काहीतरी कमी होतं. चौथं वळण येईपर्यंत मला कळलं नाही की काय कमी होतं. मग कळलं.

टकटक थांबली होती.

उतारावर कुणी पेडल मारत नाही. चाक मोकळं सुटलेलं असतं, फ्रीव्हील वाजणारच. माझं वाजत होतं. मास्तरांचं पुढे वाजत होतं.

माझ्यामागे मात्र शांत होतं. नुसतं धुकं.

"चार!"

"…पाच!"

आवाज अगदी जवळ. माझ्या उजव्या खांद्यामागे. दोन हातांवर असावा इतका.

मी मनाशी म्हटलं, धुक्यात आवाज विरतात. पण मग टकटक तेवढी विरते आणि हाक विरत नाही?

मान वळवावीशी वाटली.

नजर जिथं, चाक तिथं…

मी वळवली नाही.

पाचवं, सहावं, सातवं. प्रत्येक वळणावर पाच आला. थोडा धापा टाकत. पण आला.

पायथ्याशी रेल्वेचं फाटक होतं. उघडंच होतं. फाटकवाला कंदील हातात धरून खोपटाच्या दारात उभा होता. त्यानं आमच्याकडे बघून बोटं मोजल्यासारखी हलवली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

पुढे सपाट रस्ता. नदीवरच्या पुलापर्यंत पंधरा किलोमीटर. थंडी इतकी की थांबायचं नाव कुणी काढलं नाही. दर किलोमीटरच्या दगडापाशी आकडे चालू होते.

मला मात्र पाठीवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटत होतं. सपाटीवर टायर रस्त्यावर सरसरतो, चेन खुळखुळते. मागे यातलं काहीच नव्हतं. फक्त दर दगडापाशी एक आकडा.

सातव्या दगडापाशी मी न राहवून म्हटलं, "बरा आहेस ना रे?"

उत्तर आलं, "पाच."

ते मी विचारलेल्याचं उत्तर नव्हतं.

मला थांबायला हवं होतं. पण मी कबूल केलं होतं ना… आकडा ऐकू येतोय तोवर चालत राहायचं.

बाराव्या दगडापाशी तो आवाज हळू झाला होता. चौदाव्यापाशी कुजबुज.

पुलाच्या तोंडाशी मी "चार" म्हटलं, आणि अगदी कानाला लागून आलं…

"ताई… पाच."

आणि लाईन तुटते ना, तसं झालं. आतापर्यंत पलीकडे कुणीतरी होतं. आता नव्हतं.

मिस्त्रीनं पाय टेकला. आम्ही तिघं थांबलो. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी मागे बघितलं.

रस्ता रिकामा. धुकं विरळ झालं होतं, लांबवर दिसत होतं. एक सायकल नाही, माणूस नाही.

"शेपूट कुठंय?" पोस्टमननं विचारलं.

"आत्ता तर मागे होता," मास्तर म्हणाले. "मी ऐकला की."

"मीही ऐकला," मिस्त्री म्हणाला. "आडोशाला थांबला असेल. येईल."

मास्तरांनी थर्मास काढला. पाच पेले मांडले. पाचही भरले.

आम्ही पंधरा मिनिटं वाट बघितली. पाचव्या पेल्यातली वाफ आधी बारीक झाली, मग थांबली. मी सायकल उलटी फिरवली.

फाटकापाशी मिस्त्रीनं फाटकवाल्याला विचारलं, "आमचा एक माणूस मागे राहिलाय. बघितलात?"

"मघाशी तुम्ही चारच गेलात," तो म्हणाला. "मी मोजले. एरवी पाच असता, म्हणून म्हटलं एक जण आज आला नाही वाटतं."

"नाही, पाच होतो!" मी ओरडले. "माझ्या मागेच होता!"

 "बाई," तो हळूच म्हणाला, "तुमच्यामागे कुणी नव्हतं."

तिसऱ्या वळणापाशी पोचायला साडेनऊ झाले. खडीच्या ढिगाशी कामावरची एक बाई एकटी बसली होती. धुक्यामुळे बाकीचे मजूर अजून आले नव्हते.

मिस्त्रीनं विचारलं, "इथं कुणी पडलेलं बघितलंत?"

"पडलेलं नाही बाबा. पण सकाळी खालच्या अंगाला मोजणीवाले आले होते."

"मोजणीवाले?"

"रस्ता मोजतात ना, टेप धरून? एक जण आकडा ओरडतो, दुसरा लिहितो. तासभर ओरडत होता. पण नवलच, एकच आकडा. पाच… पाच… पाच… मला वाटलं, दुसऱ्याला ऐकू येत नसेल."

मास्तर कठड्याकडे धावले.

आणि मग मला ते ऐकू आलं. कठड्याच्या खालून…

टक-टक… टक. टक-टक… टक.

दहा-बारा फूट खाली, झुडपात. सायकल उलटी पडली होती. मागचं चाक हवेत होतं आणि सावकाश फिरत होतं. वारा नव्हता. अडीच तास झाले होते.

मी हात लावला तेव्हा ते थांबलं.

तो शेजारीच होता. मांडीत ब्रेकचा दांडा घुसला होता. तोंड उघडं होतं. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ आरशात बघून तपासलं आहे… 'पाच' म्हणताना ओठ तसेच होतात.

डॉक्टर म्हणाले, रक्त गेलं. तास-पाऊण तास जिवंत होता. आठच्या सुमारास संपला. अर्ध्या तासात कुणी मांडी घट्ट बांधली असती, तर आज तुमच्याशी बोलत असता.

तो आम्हाला हाका मारत होता. आमच्या रीतीप्रमाणे, एकाच शब्दात. आणि ती प्रत्येक हाक आम्हाला ऐकू आली. पंधरा-वीस किलोमीटरवर, कानाशी. आणि प्रत्येक हाक ऐकून आम्ही निर्धास्तपणे त्याच्यापासून आणखी दूर गेलो.

एकही ऐकू आली नसती, तर आम्ही तिसऱ्या वळणावरच थांबलो असतो.

हे असं का झालं, ते मला आजवर कुणी सांगू शकलं नाही.

मिस्त्रीनं महिन्याभरात दुकान बंद केलं. पुढे एका गोदामात रखवालदार झाला, तिथंच गेला. पोस्टमननं पायी टपाल वाटायची बदली मागून घेतली. पाय सुजायचे, पण सायकलवर बसला नाही. मास्तर वर्गात पाचाचा पाढा मुलांकडून म्हणवून घ्यायचे, स्वतः म्हणत नसत. पुढे मुलं हसायला लागली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. हवेचं मी मिस्त्रीला कधी सांगितलं नाही. पण मास्तरांनी सायकल उचलताना टायर दाबून बघितला होता. माझ्याकडे एकदाच बघितलं होतं.

आईनं मला दोष दिला नाही. अकरा वर्षं एक अक्षर काढलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू एकदासुद्धा मागे बघितलं नाहीस?"

मी काय सांगणार होते? नजर जिथं, चाक तिथं?

आता माझे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. रोज सकाळी खुर्चीत बसून पाय पाच वेळा वर उचलायचा. मी मोठ्यानं मोजते. एक. दोन. तीन. चार.

पाच मी म्हणत नाही.

तो मागून येतो…

सून म्हणते, भास आहे. असेल. पण मी म्हातारी झाले, मग भास का म्हातारा झाला नाही? आवाज अजून चोवीस वर्षांचाच आहे. आणि त्याला दम लागलेला आहे. म्हणजे तो अजून तिथंच पडलाय, आणि कुणी पोचलेलं नाही.

आता तर मी खुर्चीत बसलेली असते. मान वळवली तर कुठं पडणार आहे? तरी वळवत नाही.

मागे कुणीच नसणार, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी मी तेवढंच तर बघायला हवं होतं.