माझी कोणी नाही

“त्यांना पुढे बसव, मी मागे बसते,” धाकटी आपल्या लेकीला म्हणाली आणि गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या थोरलीच्या काळजात चर्र झालं... सख्ख्या बहिणीला ‘त्यांना’! पन्नास वर्षं झाली, धाकटीच्या तोंडून ‘ताई’ काही निघालं नव्हतं. डोळे मिटण्याआधी एकदा ते कानावर पडावं, एवढीच आता आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेल्या त्या जिवाची आस होती.

युद्धात दोघींना जिथे डांबलं होतं, त्या छावणीचे उरलेसुरले अवशेषही आता पाडणार होते, म्हणून भाचीने हट्टाने दोघींना नेलं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थोरली थक्कच झाली. केवढं अफाट ते! बराकींची छपरं गेली होती, पण जोती नजर पोचेल तिथवर ओळीने पसरली होती, फरशा फोडून झाडं उभी राहिली होती, चहूकडे गवत माजलं होतं, आणि शांतता तर अशी की आपलाच श्वास मोठा वाटावा... हजारो माणसांचा आकांत या गवताने कसा पोटात घातला असेल, या विचाराने तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

इथेच, कचेरीच्या खिडकीपाशी, सहा वर्षांच्या धाकटीने तिचा हात गच्च धरला होता. आई वाटेतच गेलेली, कागदपत्रं हरवलेली. ‘ही तुझी कोण?’ शिपायाने विचारलं, आणि सोळा वर्षांची ती हात सोडवून घेत म्हणाली, ‘माझी कोणी नाही.’ धाकटीला त्याच दिवशी बाहेर नेलं. थोरली पुढे दोन हिवाळे सैनिकांचे गणवेश शिवत तिथेच राहिली. धाकटीने मात्र तेवढे तीन शब्द धरून ठेवले ते कायमचे.

धाकटी शाळामास्तरीण, दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड! कचेरीच्या भिंतीवर चुन्याचे पोपडे निघून जुनी सूचना उघडी पडली होती. वर्गात वाचावं तसं ती वाचू लागली, “ज्या मुलांचे छावणीत कोणीही नाही, फक्त अशाच मुलांना बाहेरच्या कुटुंबांत...” आणि वाचणं अर्धवट टाकून ती थोरलीकडे वळली. तेव्हा तिला कुठे वाचता येत होतं!

“तुम्ही... तू त्यासाठी तसं म्हणालीस?”

थोरलीने मान डोलावली.

“मग नंतर सांगितलं का नाहीस गं, ताई?”

“सुटून आले तेव्हा तू त्या घरात आई-बाबा म्हणत बागडत होतीस. कळलं असतं तर तुला तिथला घास गोड लागला नसता.”

धाकटीने तिला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली... कितीतरी वेळाने, डोळे पुसत, तिने हळूच विचारलं, “मी गेले त्या दिवशी तू फार रडलीस का?”

“रडायची सोय कुठे होती, बाळे?” थोरली म्हणाली. “रडले असते तर त्यांना कळलं नसतं का, तू माझी कोण ते!”