एका बुडीचे बारा वाटे

"माझी गाठ सुटत नाही आणि माझी बरणी गळत नाही. चाळीस वर्षं समुद्रात काढलीत मी!" चैतालीचे आजोबा अख्ख्या डेकला ऐकू जाईल असं म्हणाले. ते निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ होते, आणि निवृत्त झाल्यापासून जरा मोठ्यानेच बोलायचे.

गाठीबद्दलचं त्यांचं बोलणं दोन तासांत खरं ठरलं. घोटाळा त्यामुळेच झाला.

साल २०४१. 'सागरसखी' या संशोधन-जहाजावर मालवणच्या चैताली मेतरच्या वर्गाला एकच वाटा मिळाला होता: दोनशे मीटर खोलीवरचं एक बाटली पाणी. ते घ्यायला वर्गातर्फे ती एकटीच आली होती, सोबतीला आजोबा. चैतालीचे बाबा मासेमार. बांगडे हल्ली वरवरच का फिरतात, हा त्यांचा प्रश्न. खाली त्यांना प्राणवायू कमी पडतो का, ते या पाण्यावरून कळणार होतं.

"पण एका जहाजावर एवढे गट? भांडणं नाही होत?" चैतालीने विचारलं.

"मग मी कशाला आहे?" वाटेश म्हणाला. वाटेश म्हणजे जहाजावरचा यंत्रमानव. कोणाला किती वेळ आणि किती पाणी, हे तोच ठरवायचा. "हे रोझेट बघ (बारा बाटल्या बसवलेली गोल चौकट). बाटल्या उघड्या तोंडाने खाली जातात. वर येताना मी ठरल्या खोलीवर इशारा दिला की एकेकीची झाकणं फटकन मिटतात. शेजारी कॅमेरा आणि संवेदक (मोजमाप घेणारी उपकरणं). प्रत्येकाने वेगळं जहाज आणलं असतं तर बारा बुड्या लागल्या असत्या. इथे बुडी एक, वाटे बारा."

"म्हणजे रापणच की! सगळे मिळून जाळ्याचा दोर ओढतात, मग वाळूत मासळीचे वाटे घालतात."

"फक्त दोर ओढणाऱ्यांना?"

"नुसते बघायला आलेले म्हातारेसुद्धा काहीतरी नेतातच."

आजोबा खोकले.

रोझेट हजार मीटर जाऊन वर आलं. अकरा बाटल्या भरलेल्या. सातवी, चैतालीची, आ वासून उघडी. तिच्या झाकणात नायलॉनची दोरी अडकली होती आणि दोरीला एक चेपलेली बरणी लोंबत होती.

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं.

"फ्रिजमध्ये तुम्ही नमुने कोंबलेत," आजोबा म्हणाले. "खाली पाणी गार असतं. म्हटलं, सोलकढी थंड होईल."

"आजोबा! माझ्याच बाटलीला?"

"गाठ बघ पण. सुटली का?"

नाहीच सुटली. कापावी लागली.

"पुन्हा बुडी घेऊया ना," चैताली म्हणाली.

"जमणार नाही. जहाज पुढच्या गटाच्या जागेकडे वळलंय," वाटेश म्हणाला. "तुमची पाळी पुढच्या वर्षी."

चैतालीचे डोळे भरून आले. वर्गातल्या सत्तावीस जणांना काय सांगायचं? सोलकढी?

"रडते कशाला?" कोचीच्या डॉ. लिसी म्हणाल्या. मराठी त्या याच जहाजावर शिकल्या होत्या. "माझी आठवी बाटलीपण दोनशे मीटरची. दहा लिटर! मला जिवाणूंसाठी आठ पुरे. तुला किती?"

"अर्धा ग्लास."

"मग पहिली तू. प्राणवायू मोजायचं पाणी आधी काढायचं, नाहीतर हवा मिसळते. नळी तळापर्यंत घाल. एक बुडबुडा नको हं."

चैतालीने श्वास रोखून कुपी भरली. दुसऱ्या कुपीत समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी घेतलं. दोन्हींत रसायनांचे थेंब टाकले.

"प्राणवायू असला तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो," लिसी मॅडम म्हणाल्या.

वरचं पाणी चहासारखं झालं. खालचं ताकासारखं पांढरंच राहिलं.

"खाली प्राणवायू जवळजवळ नाहीच! मग बांगडे कशाला जातील तिथे?"

"ही एका जागेची, एका दिवसाची गोष्ट. हा कमी प्राणवायूचा थर वर सरकतोय का, ते कळायला दरवर्षीचं पाणी हवं. म्हणून इथे तुझी नोंद सगळ्यांना, आणि सगळ्यांची तुला."

"म्हणजे अकरा प्रयोगशाळा आणि आमची सहावी ब!" चैतालीने मान वर करून त्या भल्यामोठ्या जहाजाकडे पाहिलं. एवढ्या पसाऱ्यात तिच्या अर्ध्या ग्लासालाही जागा होती.

बरणी रिकामी आलीय, हे मात्र संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी वाटेशने कॅमेऱ्याची नोंद वाचून दाखवली. "खोली नव्वद मीटर. समुद्राचा रंग गुलाबी. नियमाप्रमाणे ही नोंद अकराही प्रयोगशाळांना गेली आहे. त्यांतल्या दोघींनी पुढच्या वर्षी तिथेच बुडी मागितली आहे."